कीव्हचा ‘प्रिन्स’ मराठीत कोण?

प्रश्न असा: मध्ययुगीन रुसवरच्या (कीव्ह राजधानी असलेल्या जुन्या स्लाव राज्यावरच्या) इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘प्रिन्स व्लादिमिर’ला ‘राजपुत्र व्लादिमिर’ म्हणावं का? आणि त्याच्या वंशजांच्या झगड्यांना ‘घराणेशाहीची स्पर्धा’ म्हटलं तर चालेल का?

माझं मत, दोन्ही शब्द बदला. मूळ शब्द आहे ‘क्न्याझ’. स्लाव भाषांनी तो फार पूर्वी जर्मानिक भाषांकडून उचलला. इंग्रजी ‘किंग’ आणि जर्मन ‘क्योनिग’ हे त्याचेच सख्खे भाऊ. इंग्रजीत ‘प्रिन्स’ म्हणजे राज्यकर्ताही होतो, म्हणून तिथे भागतं. आपल्या ‘राजपुत्रा’च्या पोटातच ‘पुत्र’ बसलाय. तो शब्द वाचला की बाप गादीवर आणि मुलगा वाट बघतोय असंच डोळ्यांपुढे येतं. व्लादिमिर तर १०१५ साली वारला तेव्हा तीसहून अधिक वर्षं राज्य करत होता! रशियन भाषेत राजाच्या मुलाला ‘क्न्याझिच’ हा वेगळा शब्द आहे. बायको ‘क्न्यागिन्या’, मुलगी ‘क्न्याझना’. इंग्रजीत या दोघींची ‘प्रिन्सेस’ होते आणि मराठीत ओल्गाची ‘राजकन्या’ झालेली मी वाचली आहे. ९४५ साली नवरा इगोर मारला गेल्यावर लहान मुलाच्या नावाने कारभार हाकणारी ती विधवा राणी. राजकन्या कसली?

तेव्हा ‘राजा’ लिहा, किंवा एकदा अर्थ सांगून ‘क्न्याझ’च ठेवा. ‘वेलिकी क्न्याझ’साठी (शब्दशः ‘मोठा क्न्याझ’, म्हणजे कीव्हचा मुख्य राजा) मला ‘थोरला राजा’ आवडतो. ‘थोरला’मध्ये वय आणि मान दोन्ही येतात, आणि कीव्हच्या गादीला दोन्ही लागत.

दुसऱ्या शब्दासाठी शोधाशोध नकोच, ‘भाऊबंदकी’ घरचा आहे. तिथे गादी भावाकडून भावाकडे, मग पुतण्यांकडे जायची. बाप कीव्हच्या गादीवर न बसताच वारला तर मुलाचा हक्क बुडे; अशाला ‘इझगोय’ म्हणत. १०९७ साली ल्युबेच या गावी व्लादिमिरचा मुलगा यारोस्लाव याचे नातू-पणतू जमले, आपापल्या बापाचा मुलूख आपापल्याकडे ठेवायचा असं ठरलं, क्रूसाचं चुंबन घेऊन शपथा झाल्या. त्याच वर्षी त्यांतल्याच दाविद इगोरेविचने, कीव्हच्या स्व्यातोपोल्कला हाताशी धरून, वासिल्कोचे डोळे काढवले. वासिल्को हा रोस्तिस्लाव नावाच्या इझगोयचा मुलगा, दाविदच्या चुलत भावाचा पोर. रुसच्या जुन्या बखरीत आहे की आंधळ्या वासिल्कोला नेताना वाटेत एका गावी पुजाऱ्याच्या बायकोने त्याचा रक्ताळलेला सदरा काढून धुतला आणि परत अंगात घातला. शुद्धीवर आल्यावर त्याने सदरा चाचपला आणि म्हणाला, का काढलात? त्याच रक्ताच्या सदऱ्यात मी देवापुढे उभा राहिलो असतो.