इमारत सोडा, पेठ सोडू नका

प्रश्न: आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत, पेरूगेटजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. आई 78 वर्षांची, गुडघे दुखतात. ही जागा विकून वाघोलीच्या एका मोठ्या संकुलात तीन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे. पैशांचा हिशोब बसलाय. कॅनडातला भाऊ 'लगेच घे' म्हणतो. आई मात्र 'मी इथून हलणार नाही' एवढंच म्हणते. तिचं ऐकावं, की तिच्या भल्यासाठी आम्हीच ठरवावं? (पत्र संक्षिप्त केले आहे.)
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुमच्या पत्रात नव्या फ्लॅटबद्दल पानभर मजकूर आहे. आईचा दिवस कसा जातो, हे मात्र कुठेच नाही. मला आधी तेच विचारायचंय.

सोसायटीचं सचिवपद सांभाळताना मी किती तरी वयस्कर माणसांना घर बदलताना पाहिलं. फ्लॅट मोठा मिळाल्याचा आनंद त्यांना फार दिवस पुरत नसे. सकाळी दूध घेताना दोन शब्द बोलायला कोणी आहे का, औषधांच्या दुकानातला मुलगा गोळ्या वर आणून देतो का, एक दिवस दिसलो नाही तर शेजारीण बेल वाजवते का, यावर त्यांचं सगळं अवलंबून असे. आईचं 'हलणार नाही' मला याबद्दलचं वाटतं.

पण तिथेच राहूनही हे सगळं सुटू शकतं. गुडघे दुखणारी बाई आधी देवळात जाणं सोडते, मग मंडईत, मग भिशीला. पेठ उरते ती खिडकीतून बघण्यापुरती. आई हल्ली आठवड्यातून कितीदा खाली उतरते? उत्तर 'दवाखान्यापुरती' असं असेल, तर तिला तिथेच ठेवण्यातही तिचं भलं नाही.

म्हणून माझं मत: ती इमारत सोडा, पेठ सोडू नका. सदाशिव, नारायण किंवा शनिवार पेठेत लिफ्टचा लहान फ्लॅट शोधा. एक खोली कमी पडेल, पडू द्या. गणपतीतला आवाज, गाडी लावायची पंचाईत तशीच राहील, पण त्याला आई सरावलेली आहे. बघायला जाल तेव्हा रस्त्यापासून दारापर्यंत तिच्या पावलांनी चाला. बऱ्याच इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच चार-पाच पायऱ्या असतात, काहींत लिफ्ट अर्ध्या जिन्यावर थांबते. वीज गेल्यावर ती चालते का, तिच्यात चाकाची खुर्ची मावते का, हेही बघा. तुमच्याच इमारतीच्या पुनर्विकासाची वाट बघणं मात्र मला पटत नाही. या वयात आधी भाड्याच्या घरात आणि मग परत, असं दोनदा हलणं फार होतं.

वाघोलीत तुम्हाला ऑफिस जवळ पडेल, मुलांना मैदान मिळेल, हे मी कमी लेखत नाही. पण गाव 2021 मध्ये महापालिकेत आलं तरी तिथल्या कितीतरी सोसायट्या पाण्यासाठी टँकरवर अवलंबून आहेत. तरीही तिकडेच जायचं ठरलं, तर पेठेतली जागा विकण्याआधी त्याच संकुलात पावसाळ्याचे दोन-तीन महिने भाड्याने राहा, आईला घेऊन. दुपारी तुम्ही सगळे बाहेर असताना ती काय करते, कोणाशी बोलते, हे तेवढ्यात कळेल.

विकण्याबद्दलही एक सांगते. न्हाणीघराची गळती रंग मारून झाका, असा दलालाचा सल्ला तुम्ही लिहिलाय. तो मुळीच ऐकू नका. घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा, पण विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे. शिवाय खालच्या बिऱ्हाडाशी तुमचा इतक्या वर्षांचा घरोबा. नव्या माणसाचं त्यांच्याशी पहिलंच भांडण तुमच्या गळतीवरून का व्हावं?

भावाला म्हणावं, आधी आईला फोन कर, आणि 'विकू का' असं न विचारता 'तुला कशाची भीती वाटते' ते विचार. आणि घरं बघायला पहिल्या फेरीपासूनच तिला सोबत न्या; सगळं ठरल्यावर नुसतं दाखवायला नेऊ नका.