उबुंटूवर दुसरा मॉनिटर जोडला, पण त्यावर काहीच दिसत नाही. काय करावे?

आपण लिहिले आहे की, उबुंटू २२.०४ असलेल्या आपल्या डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे, पहिला मॉनिटर नीट चालतो आणि दुसऱ्यावर मात्र ‘नो सिग्नल’ एवढेच येते. सेटिंग्ज उघडण्याआधी कृपया कॅबिनेटची मागची बाजू पाहा. एक केबल कार्डाच्या पोर्टमध्ये आणि दुसरी यूएसबीच्या शेजारी, म्हणजे मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असेल, तर अडचण बहुधा तिथेच आहे; कारण कार्ड बसवले की पुष्कळ मदरबोर्ड स्वतःचे व्हिडिओ पोर्ट आपोआप बंद करतात. दोन्ही केबल कार्डालाच जोडा. माझ्याकडे नेमके हेच झाले होते आणि ड्रायव्हर काढण्या-घालण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, म्हणून हे आधी सांगतो. मध्ये कनव्हर्टर असेल, तर तोही तपासा: डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे नेणारा साधा कनव्हर्टर उलट दिशेने चालत नाही.

सिग्नल आला की सेटिंग्जमधील ‘डिस्प्लेज’मध्ये जा. दोन्हींवर एकच चित्र दिसत असेल, तर ‘मिरर’ऐवजी ‘जॉइन’ निवडा. तिथे दिसणारे दोन क्रमांकित चौकोन आपल्या टेबलावर मॉनिटर जसे ठेवले आहेत, तसेच ओढून मांडा. ही पायरी घाईने उरकू नये. माझा डावीकडचा मॉनिटर १९२० × १०८० चा आणि उजवीकडचा जुना १२८० × १०२४ चा आहे. वरच्या कडा जुळवल्या, तर मोठ्या पडद्याच्या उजव्या कडेला तळाशी ५६ पिक्सेलची पट्टी उरते आणि तिथे माउसचा बाण भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. मी अनुवादाचे काम करतो, मूळ मजकूर उजवीकडे आणि माझे लेखन डावीकडे असते, त्यामुळे बाण दिवसभर इकडून तिकडे जातो. खालच्या कडा जुळवून ती पट्टी वर नेल्यावरच काम सुरळीत झाले. मग ‘प्रायमरी डिस्प्ले’ ठरवा आणि ‘अप्लाय’ दाबा. त्यानंतर २० सेकंदांत ‘कीप चेंजेस’ दाबले नाही, तर जुनी मांडणी परत येते. चुकून पडदा काळा झाला, तरी थोडे थांबावे.

एका पडद्यावरची अक्षरे फार बारीक दिसत असतील, तर लॉगिनच्या वेळी वेलँडचे (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेचे) सत्र निवडा. त्यात प्रत्येक मॉनिटरचे स्केलिंग, म्हणजे अक्षरे आणि चित्रे किती मोठी दिसावीत ते प्रमाण, वेगळे ठेवता येते.

एवढे करूनही लॉगिनची खिडकी चुकीच्या मॉनिटरवर येऊ शकते, कारण त्या खिडकीची मांडणी आपल्या खात्याच्या मांडणीपेक्षा स्वतंत्र असते. आपल्या होम फोल्डरमधील ‘कॉन्फिग’ या लपवलेल्या फोल्डरात ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ नावाची फाइल असते. तिची प्रत प्रशासकाचे अधिकार वापरून जीडीएमच्या (लॉगिनची खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ‘कॉन्फिग’ फोल्डरात ठेवली आणि संगणक पुन्हा सुरू केला, की लॉगिनची खिडकीही मुख्य मॉनिटरवर येते.