दह्यातल्या जिवाणूंपासून मिळणारे पदार्थ बायोफिल्म रोखू शकतात का?

रोखू शकतात, पण थर जमायच्या आधी लावले तर.

मी वास्कोला मासळीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत असतो. मासे कापायच्या टेबलाच्या सांध्यात बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, नुसत्या पाण्याने जात नाही. ती बायोफिल्म: जिवाणूंनी आपल्याच चिकट द्रवात बांधलेली वस्ती. आत क्लोरीन नीट पोचत नाही आणि अँटिबायोटिकही बोथट होतं.

दह्यातल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूच्या काही जाती साबणासारखे रेणू सोडतात, त्यांना बायोसर्फॅक्टंट म्हणतात. ते पृष्ठभागावर आधी बसले की स्टॅफिलोकोकससारख्या रोगजंतूंना चिकटणं जड जातं. कॅथेटरवर, म्हणजे शरीरात घालायच्या नळीवर, असा लेप द्यायचे प्रयोग याच कल्पनेवर चालतात.

दुसरा गडी निसिन, जिवाणू मारणारा पदार्थ. लॅक्टोकोकस लॅक्टिस हा दुधातला जिवाणू तो बनवतो. १९२८ पासून माहीत आहे, आणि चीजमध्ये ई२३४ या क्रमांकाने टिकवण्यासाठी घालतात. तो लिस्टेरिया या रोगजंतूच्या पेशीच्या पटलाला चक्क भोकं पाडतो. स्यूडोमोनास या जिवाणूपुढे मात्र एकटा फारसा चालत नाही, कारण त्याला बाहेरून आणखी एक पटल असतं. मासळी नासवण्यात नेमका हाच पुढे, हे आमचं नशीब!

जमलेला जुना थर असेल तर आधी ब्रशने घासा, मग रसायन. आणि हो, सिंकमध्ये दही ओतू नका. त्यातली साखर-प्रथिनं म्हणजे त्या वस्तीला आयतं जेवण.