वाचकांचे प्रश्न : बॉबिन लेसचं सूत, उशी आणि मेळाव्याची तयारी

बॉबिन लेस म्हणजे बॉबिन नावाच्या छोट्या दांड्यांवर सूत गुंडाळून, नमुना लावलेल्या उशीवर टोचलेल्या टाचण्यांभोवती ते गुंफत केलेली जाळीदार लेस. दोन बॉबिन्सची एक जोडी.

प्रश्न : नमुन्यात '६०/२ लिनन' लिहिलं होतं. ते मिळालं नाही म्हणून ६०/२ चंच सुती सूत घेतलं. आकडा तोच, तरी लेस मच्छरदाणीसारखी सैल आली. विणण्यात चूक झाली का?

विणण्यात चूक नाही, आकड्याने फसवलं. लिननचा काउंट म्हणजे एका पौंडात ३०० यार्डांच्या किती लड्या बसतात ते. सुती सुताचा काउंट मोजताना लडी धरतात ८४० यार्डांची. तिसरी पद्धत मेट्रिक, तिच्यात एका ग्रॅममध्ये किती मीटर हे मोजतात. '/२' म्हणजे दोन पदर. हिशेब केला तर ६०/२ लिनन ग्रॅमला साधारण १८ मीटर भरतं, मेट्रिक ६०/२ भरतं ३० मीटर आणि सुती ६०/२ जवळपास ५१ मीटर. म्हणजे लेबलवर एकच आकडा असलेली ही तीन वेगळी सुतं आहेत. तुमचं सूत नमुन्यातल्या सुताच्या जेमतेम एकतृतीयांश वजनाचं होतं. क्रोशाच्या दोऱ्यांवरचे २०, ४०, ८० हे आकडे तर आणखी निराळे, आणि ते एका कंपनीचे दुसरीशी जुळतीलच असं नाही.

म्हणून लेबल बाजूला ठेवा आणि वेढे मोजा. पट्टीवर किंवा पेन्सिलीवर २ सेंटिमीटरची खूण करा. त्या अंतरात सूत शेजारी शेजारी गुंडाळा. वेढे एकमेकांना टेकले पाहिजेत, पण चढता कामा नयेत. सूत ताणू नका. ताणलं की ते बारीक होतं आणि आकडा फुगतो. आलेल्या वेढ्यांची निम्मी संख्या म्हणजे दर सेंटिमीटरला वेढे. तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

आता नमुना नव्या सुताला जुळवायचा. नमुन्यातल्या सुताचे वेढे भागिले तुमच्या सुताचे वेढे, गुणिले १००. ही झाली फोटोकॉपीची टक्केवारी. मूळ सूत २४ वेढ्यांचं आणि तुमचं १८ चं असेल तर नमुना १३३ टक्क्यांवर मोठा करा. मूळ २० आणि तुमचं ३० असेल तर ६७ टक्क्यांवर आणा. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर नमुन्याला हात लावू नका, हाताच्या ताणात तो सामावतो. लहान करताना मात्र टाचण्यांचा विचार करा. २ मिलिमीटरवरची भोकं ६७ टक्क्यांवर १.३ मिलिमीटरवर येतात, आणि तिथे ०.६ मिलिमीटरच्या टाचण्या एकमेकींना ढकलायला लागतात. अशा वेळी बारीक टाचण्या घ्या, नाहीतर सूत बदला. दोन सुतं एकत्र गुंडाळून जाडी वाढवायचा मोह टाळलेला बरा. दोन्हींचा ताण सारखा राहत नाही, एक सूत मागे पडतं आणि त्याची कडी वर येते.

शिवणयंत्राचा पॉलिएस्टर दोरा सरावालाही नको. तो ताणाखाली लांबतो. टाचण्या निघाल्या की आखडतो आणि सपाट दिसणारी लेस चुण्या पडून वर येते.

प्रश्न : लेसची उशी कुठेच मिळत नाही. थर्माकोलवर भागेल का? आणि बॉबिन्स?

पहिल्या दोन-तीन कामांना भागेल. थर्माकोलमध्ये पडलेलं भोक बुजत नाही. तोच नमुना पुन्हा लावला की टाचणी ढिली बसते, सुताने ओढली की कलते आणि कड वाकडी येते. त्यापेक्षा बंद छिद्रांचा, कडक पॉलिथिलीन फोम घ्या, ५ सेंटिमीटर जाड आणि ४५ ते ५० सेंटिमीटर व्यासाचा. घेण्याआधी दुकानातच एक टाचणी अर्धी खोचा आणि तिला सूत अडकवून आडवं ओढा. टाचणी कलली तर तो फोम लेसच्या कामाचा नाही. मऊ गादीचा फोम आणि कापूस दोन्ही याच परीक्षेत नापास होतात.

गोल कापल्यावर कडा थोड्या उतरत्या तासा. मध्य किंचित उंच राहिला तर बॉबिन्स पंख्यासारख्या पसरतात, नाहीतर सगळ्या मध्ये गोळा होतात. वर गडद रंगाचं, गुळगुळीत सुती कापड ताणून बसवा. ते आधी दोनदा धुवा, रंग सोडत नाही ना ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. लोकर किंवा मखमल नको, तिचे तंतू लेसमध्ये विणले जातात आणि मग निघता निघत नाहीत.

बॉबिन्स लेथवर लाकूड कातणारा कोणीही कारागीर करून देईल. त्याला चित्र देऊ नका, एक तयार बॉबिन हातात द्या. लांबी साधारण १० सेंटिमीटर, कठीण लाकूड, आणि सगळ्यांचं वजन सारखं, एवढ्या तीन गोष्टी सांगा. जड-हलक्या बॉबिन्स एकाच कामात मिसळल्या की ताणही असमान पडतो. बॉबिन्स आल्यावर प्रत्येकीच्या मानेवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे सूतही अडकणार, म्हणून तेवढी जागा बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या. सुरुवातीच्या टॉर्शन (साध्या भौमितिक शैलीच्या) नमुन्यांना २४ ते ३० जोड्या पुरतात.

प्रश्न : दर वेळी एकाच जोडीचं सूत मध्येच संपतं, बाकीच्यांचं भरपूर उरतं. किती सूत गुंडाळायचं?

संपते ती फिरती जोडी, म्हणजे प्रत्येक ओळीत या कडेकडून त्या कडेला जाणारी. तिचा हिशेब स्वतंत्र करा. समजा पट्टी २ सेंटिमीटर रुंद आहे आणि प्रत्येक कडेला सेंटिमीटरमध्ये ४ टाचण्या आहेत. म्हणजे एका सेंटिमीटर लांबीत ८ ओळी, आणि ८ गुणिले २ म्हणजे १६ सेंटिमीटर सूत. ३० सेंटिमीटरच्या पट्टीला ४८० सेंटिमीटर. त्यावर दहा-पंधरा टक्के धरून फिरत्या जोडीच्या प्रत्येक बॉबिनवर साडेपाच मीटर गुंडाळा.

उभ्या जोड्या फक्त खाली जातात. त्यांना पट्टीची लांबी, अधिक शेवटी हातात धरायला २० सेंटिमीटर, अधिक गाठीला थोडं, असं ६० ते ७० सेंटिमीटर पुरे. जाळीच्या भागात जोड्या तिरक्या जातात आणि पीळही घेतात, तिथे लांबीच्या अडीच-तीन पट धरा.

रीळ मात्र सळईवर फिरती ठेवून सूत गुंडाळा. उभ्या रिळाच्या डोक्यावरून सूत ओढलं की प्रत्येक वेढ्याला एक पीळ वाढतो किंवा उलगडतो. उलगडलेलं लिनन टाचणीपाशी तुटतं, आणि दोष सुताला दिला जातो. बॉबिनवर सूत अडकवणारा शेवटचा फास घसरत असेल तर एका वेढ्याऐवजी दोन वेढ्यांचा घाला. गुळगुळीत सुताला तो लागतोच.

प्रश्न : पांढऱ्या लेसवर टाचण्यांचे तपकिरी ठिपके पडले. धुऊनही जात नाहीत.

तो गंज आहे, आणि साबणाने तो जात नाही. पुढच्या वेळी पितळी किंवा स्टेनलेस टाचण्या घ्या. पितळ ओळखायचं तर लोहचुंबक जवळ न्या, पितळी टाचणी हलणार नाही. इतर टाचण्यांपैकी चार-पाच ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून झाकणाच्या डबीत दोन रात्री ठेवा. कापडावर डाग आला तर ती पेटी शिवणाला ठेवा. जाडी मध्यम लिननला ०.६ आणि बारीक सुताला ०.५ मिलिमीटर. अर्धवट काम उशीवर महिनोन्‌महिने राहणार असेल तर ही तपासणी अजिबात चुकवू नका.

प्रश्न : आमच्या गटात चाळीस जणी-जण आहेत. दोन दिवसांचा मेळावा घ्यायचा आहे, त्यात वर्ग, विक्री आणि छोटं प्रदर्शन. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात टेबलापासून. सभागृह 'चाळीस माणसांचं' असतं ते खुर्च्यांच्या हिशेबाने. लेसकाराला टेबलाची ९० सेंटिमीटर कड लागते, कारण उशीच ५० ची असते आणि बॉबिन्स बाहेर पसरतात. १८० सेंटिमीटरच्या टेबलावर दोघंच बसवा. म्हणजे एकाच बाजूने बसवलं तर चाळिसांना वीस टेबलं, आणि पाठीमागून शिक्षकाला फिरायला वाट. टेबलं समोरासमोर जोडू नका, समोरच्याचा दिवा डोळ्यांत येतो. खुर्च्या बिनहाताच्या हव्यात, हात असलेल्या खुर्चीत कोपर अडतं.

मग वीज. प्रत्येक जण दिवा आणणार असं धरा. एलईडी दिव्यांचा भार किरकोळ असतो, कमी पडतात ते सॉकेट आणि लांब वायरी. सभागृहात जाऊन सॉकेट मोजा, एक्स्टेंशन बोर्ड मागवा आणि जमिनीवरची प्रत्येक वायर रुंद चिकटपट्टीने दाबा. एक पाय अडकला की उशी, टाचण्या, चाळीस बॉबिन्स सगळं खाली.

वर्ग किती जणांचा, हे भागाकार करून ठरवा. तीन तासांच्या सत्रात १८० मिनिटं असतात. बारा जण असतील तर शिक्षक प्रत्येकाला १५ मिनिटं देऊ शकतो, तेही काही न समजावता थेट फिरत राहिला तर. सराव असलेल्यांना ते पुरतं. नवशिक्यांचा वर्ग आठाच्या वर नेऊ नका. चाळिसांसाठी चार शिक्षक हवेत, आणि चौघांची शैली वेगळी असावी. चारही वर्ग टॉर्शनचे ठेवले तर जुने सभासद येणार नाहीत.

सर्वात जास्त वेळ वाया जातो तो पहिल्या सकाळी. वीस जोड्या गुंडाळायला सराव असलेल्या हातालाही तासभर लागतो, नमुन्याचं कार्ड टोचायला (त्यावर टाचण्यांची भोकं पाडायला) आणखी अर्धा तास. म्हणून सहा आठवडे आधी प्रत्येकाला पाकीट पाठवा. त्यात नमुना, सूत, कोणत्या बॉबिनवर किती सूत याची यादी, आणि त्याच सुताच्या पाच वेढ्यांचा तुकडा चिकटवलेला कागद, म्हणजे कोणी दुसरं सूत वापरलं तरी ताडून बघता येतं. 'जोड्या गुंडाळून आणि कार्ड टोचून आणावं' हे वाक्य ठळक छापा. तरी दोघं-तिघं तसेच येतील. त्यांच्यासाठी एक तयार संच ठेवा.

पाकिटांचं सूत एकत्र विकत घ्या, आणि एकाच लॉटचं. वीस जोड्यांच्या छोट्या पट्टीला माणशी साधारण ६० मीटर धरा. १०० ग्रॅमच्या ६०/२ लिनन कोनमध्ये सुमारे १८०० मीटर असतं, म्हणजे तीस पाकिटं. चाळिसांना दोन कोन लागतात, उरलेलं विक्रीच्या टेबलावर जातं. वाटताना सूत कडक कार्डाच्या कोपऱ्यांवर गुंडाळू नका, तिथे पडलेली घडी लेसमध्ये दिसते. कागदी नळी चांगली. प्रत्येक नळीवर सुताचं नाव, काउंट, लॉट, लांबी आणि वेढे लिहा. वेढे लिहिण्याचा कंटाळा करू नका, सहा महिन्यांनी तोच आकडा उपयोगी पडतो. छापील नमुना शिक्षकाचा असतो. किती प्रती काढायच्या आणि पुढे कोणी काढायच्या नाहीत, हे त्याच्याशी आधीच लेखी ठरवा.

विक्रेते चाळीस जणांसाठी दोन किंवा तीन पुरेत, जास्त बोलावले तर कोणाचंच गणित जमत नाही आणि पुढच्या वर्षी कोणी येत नाही. त्यांना खिडकीजवळ जागा द्या, ट्यूबलाइटमध्ये पांढऱ्या आणि मोतिया सुतातला फरक कळत नाही. वर्गाच्या वेळेत विक्री चालू ठेवू नका. जेवणाच्या सुट्टीला जोडून दीड तास सलग द्या. सभासदांकडचं जुनं साहित्य विकायला एक वेगळं टेबल मांडा; थांबलेल्या वर्गांतल्या आणि कोणाच्या आईच्या बॉबिन्स तिथूनच नव्या हातात जातात. तारीख ठरवण्याआधी मोठ्या मेळाव्यांची दिनदर्शिका पाहा. ओइडफा या आंतरराष्ट्रीय लेस संघटनेची परिषद दर दोन वर्षांनी भरते, २०१६ साली ती ल्युब्लियानात झाली आणि २०१८ साली ब्रुजमध्ये. स्लोव्हेनियातल्या इद्रियात दरवर्षी लेस महोत्सव असतो. चांगले शिक्षक आणि विक्रेते अशा तारखांना आधीच गुंतलेले असतात.

प्रदर्शनात पांढरी लेस गडद, धुतलेल्या सुती कापडावर चार टाक्यांनी धरा. गोंद नको, दुतर्फी टेप त्याहून नको. जुन्या नमुन्यांवर प्रकाश ५० लक्सपर्यंत ठेवा. संग्रहालयं नाजूक वस्त्रांसाठी हीच मर्यादा पाळतात. साहजिकच ते टेबल खिडकीपासून दूर जाईल.

दारापाशी पाहुण्यांसाठी एक उशी मांडा. चारच जोड्या, जाड सूत, फिरती जोडी लाल आणि बाकीच्या पांढऱ्या. क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस एवढंच शिकवा; क्रॉस म्हणजे दोन जोड्यांमधली मधली दोन सुतं एकमेकांवरून नेणं, ट्विस्ट म्हणजे प्रत्येक जोडीतली दोन सुतं एकमेकांवरून नेणं. लाल सूत आडवं जाताना दिसतं आणि विणकाम कसं चालतं ते पाच मिनिटांत कळतं.

प्रश्न : अर्धवट काम उशीवर ठेवून प्रवास करायचा आहे.

कडेच्या टाचण्या डोक्यापर्यंत आत दाबा, शेवटच्या दोन सेंटिमीटरमधली एकही टाचणी काढू नका. बॉबिन्स क्रमाने कापडी पट्टीच्या कप्प्यांत सरकवा किंवा विणकामाच्या टाके धरणाऱ्या मोठ्या पिनांवर ओवा, आणि ती पट्टी चारही कोपऱ्यांना उशीला टाचा. सूत ताठ नको आणि लोंबतंही नको. वरून कापड घट्ट बांधा. उशी आडवीच न्या. उभी धरली तर सगळ्या बॉबिन्सचं वजन शेवटच्या टाचण्यांवर येतं आणि त्या कलतात. विमानात सुट्या टाचण्या आणि कात्री चेक-इन सामानात टाका. उशी केबिनमध्ये न्यायची असेल तर टाचण्यांबद्दल विमान कंपनीला आधी विचारा, आणि सुरक्षा तपासणीत ती उघडून दाखवता येईल अशीच बांधा.