वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं एक प्रथिन) ६.८ आलाय. कॅन्सर की प्रोस्टेटची साधी वाढ, हे रक्तावरून कळेल का?

नुसत्या या आकड्यावरून नाही. ४ ते १० हा संशयाचा पट्टा. साध्या वाढीतही पीएसए इतका चढतो. सोबत फ्री पीएसए, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा पीएसए, तपासून घ्या. एकूण पीएसएमध्ये त्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर बरीच जास्त. इथे सोलापुरात माझ्या काकांची लघवी तुंबली, नळी घातली आणि दोनच दिवसांत रक्त तपासलं. त्यामुळेच पीएसएचा आकडा भलताच चढलेला आला. दीड महिन्यानं उतरला. घर तोवर जेवलं नव्हतं धड! आणि हो, वडील फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड या प्रोस्टेटची वाढ कमी करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सहा महिने घेतल्यावर या गोळ्या पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात, मग ६.८ म्हणजे साधारण साडेतेरा धरावे लागतात. पक्कं निदान बायोप्सीनंच. त्याआधी बहुधा एमआरआय सांगतील.