मीटरचा फोटो काढलात का?

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना वीज, गॅस आणि पाण्याच्या बिलांबाबत सल्ला देणं हे माझं रोजचं काम. विद्यापीठं सुरू झाली की प्रश्नांचा पूर येतो आणि प्रश्न दरवर्षी तेच. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सीनियर काहीतरी ठोकून देतो, बाकीचे ते पुढे ढकलतात, आणि मार्चच्या सुमारास थकबाकीची पत्रं माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतो. वेगळं सांगितलं नसेल तिथे नियम इंग्लंडचे समजावेत.

नळाचं पाणी थेट प्यायलं तर चालतं का? फिल्टर घ्यावा का?

चालतं. स्वयंपाकघरातल्या थंड पाण्याच्या नळाचं प्या. लंडनकडे केटलमध्ये पांढरा थर साचतो तो क्षारांचा, त्याने अपाय होत नाही. फिल्टर विकायला दारात आलेल्याला चहा पाजायचीही गरज नाही.

भारतातून आणलेला मिक्सर इथे चालेल का?

व्होल्टेज जवळपास तेच आहे, त्यामुळे चालेल. इथला प्लग मात्र तीन चौकोनी पिनांचा आणि आत फ्यूज असलेला असतो, तेव्हा पाच पौंडांच्या ढिल्या ॲडॉप्टरवर वाटण करत बसू नका. जाणकाराकडून योग्य फ्यूजचा प्लग बसवून घ्या. वायर कापून स्वतः जोडू नका.

आम्ही घरात शिरलो तेव्हा दिवे, हीटिंग सगळं चालूच होतं. कनेक्शन आपल्या नावावर करून घेईपर्यंत बिल लागत नाही, असं रूममेट म्हणतो. दोन महिने झाले, कुणी काही विचारलेलं नाही. गप्प बसलो तर चालेल?

रूममेटला हे वाचायला द्या.

आपल्याकडे भाडेकरू सहसा मीटरच्या नावाला हात लावत नाही. बिल मालकाच्या नावाने येतं, तो त्याचा फोटो पाठवतो, आपण भरतो. इथे तसं नाही. करारात बिलं भाडेकरूने भरायची असं असेल, तर भाडेकरार सुरू झाल्या दिवसापासून वीज आणि गॅसचं देणं तुमचं. सही केली नाही, फोन केला नाही, तरीही. आधीच्या भाडेकरूची जी कंपनी होती तिच्याशी तुमचा आपोआप करार झाला असं कायदा मानतो. त्याला डीम्ड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात आणि त्याचा दर बहुधा स्वस्तातला नसतो. म्हणजे गप्प बसून तुम्ही वाचवत काहीच नाही, उलट महाग वीज उधारीवर वापरताय.

‘कुणी विचारलं नाही’ हेही खरं नसणार. दाराखाली ‘द ऑक्युपायर’ अशा नावाने आलेली पाकिटं आठवतायत? रूममेटने जाहिरात समजून ती कचऱ्यात टाकली असणार. तो ऑक्युपायर, म्हणजे घरात राहणारा, तुम्हीच. त्याच पाकिटांतून पुढे वसुलीची पत्रं येतात. एकदा का थकबाकीची नोंद तुमच्या नावाने क्रेडिट रेकॉर्डवर गेली, की पुढचा मोबाइल करार आणि पुढचं भाड्याचं घर, दोन्ही अवघड होतं.

आता पहिल्या दिवसाबद्दल, कारण माझ्याकडे येणारे निम्मे तंटे तिथेच मिटले असते. चावी हातात आली की बॅगा उघडण्याआधी मीटर शोधा. जिन्याखाली, बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीत किंवा फ्लॅट असेल तर तळमजल्यावरच्या सामाईक कपाटात तो सापडेल. फोटो असा काढा की आकडे आणि मीटरवर छापलेला सीरियल नंबर एकाच चौकटीत येतील. जुन्या मीटरवर शेवटचे आकडे लाल असतात, ते कळवताना सोडून द्यायचे. वीज आणि गॅस दोन्हींचे फोटो हवेत, पाण्याचं मीटर हाताशी असेल तर त्याचाही. चेक-इनच्या वेळी एजंट जो अहवाल देतो त्यातही रीडिंग असतं, ते ताडून बघा. जुळत नसेल तर त्याच दिवशी ईमेल करा.

फ्लॅटमध्ये आणखी एक पाहा. त्या कपाटात सात-आठ मीटर ओळीने लावलेले असतात आणि शेजाऱ्याचं मीटर तुमच्या माथी मारलं जाणं अजिबात दुर्मीळ नाही. घरातलं सगळं बंद करा, एकाला खाली उभं करा आणि वर केटल लावा. तुमच्या मीटरवरचा छोटा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला पाहिजे. तो संथच राहिला आणि भलताच मीटर पळायला लागला, तर एजंटला आणि कंपनीला लगेच लेखी कळवा. मीटरचं झाकण उघडायच्या फंदात पडू नका.

हे रीडिंग कंपनीला कळवलं नाही तर ती अंदाज बांधते. बिलावर आकड्याशेजारी ‘ई’ दिसला की समजा, तो अंदाज आहे. आधीच्या माणसाने जाता जाता रीडिंग दिलं नसेल, तर त्याने थंडीत जाळलेला गॅस तुमच्या खात्यात येऊन बसतो. मग सिद्ध कशाने करणार? ‘आमच्याकडे स्मार्ट मीटर आहे, त्याला सगळं कळतं’ असं उत्तर मला हमखास मिळतं. स्मार्ट मीटरला युनिट कळतात, भाडेकरू बदलल्याचं कळत नाही. फोटो तिथेही काढा.

तुमची कंपनी कोणती हे पत्त्यावरून ऑनलाइन शोधता येतं, गॅस आणि विजेसाठी वेगवेगळं. आजच फोन करा, करार सुरू झाल्याची खरी तारीख सांगा, एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागा. वर्षभरापूर्वीच्या वापराचं, कधीच न पाठवलेलं बिल कंपनीला नंतर मागता येत नाही असा नियम आहे खरा, पण तो तिच्या चुकीसाठी. मुद्दाम दडून बसलेल्याने त्यावर विसंबू नये. वसुलीचं पत्र आलं असेल तर आधी सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेकडे जा. तिथला सल्ला फुकट असतो.

एजंट म्हणतो, या घराला अमुकच कंपनी घ्यावी लागेल, त्याने आमची नावं परस्पर नोंदवलीसुद्धा.

बिल थेट तुम्ही भरत असाल तर कंपनी बदलायचा हक्क तुमचा आहे. मालकाला कळवून ठेवा म्हणजे झालं. एजंटला अशा नोंदणीमागे कमिशन मिळू शकतं, म्हणून त्याला एवढी घाई. ‘सगळी बिलं एकत्र, प्रत्येकी ठरावीक रक्कम’ वाल्या पॅकेजचंही तसंच. ‘अमर्याद’ लिहिलेलं असलं तरी बारीक अक्षरात वापराची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेगळी पावती फाडली जाते. आधीच सही केली असेल तर चौदा दिवसांत रद्द करता येते का ते तपासा. दिवस मोजत बसू नका, आजच तपासा.

पाण्यासाठी स्वस्त कंपनी कोणती?

निवड नाही. तुमच्या भागाची जी कंपनी तीच, लंडनमध्ये बहुतेक ठिकाणी थेम्स वॉटर, मँचेस्टरला युनायटेड युटिलिटीज.

निवड मीटरची मात्र आहे. मीटर नसलेल्या घराचं पाणीबिल १९९०पूर्वी ठरलेल्या घराच्या जुन्या मूल्यावरून काढतात, आत माणूस एक राहो की सहा. मोठ्या घरात एकटे किंवा दोघंच असाल तर मीटर मागण्यात फायदा असू शकतो. सहा जण असाल तर विषय काढू नका. आधी कंपनीकडून हिशेब करून घ्या. स्कॉटलंडमध्ये पाण्याचा आकार कौन्सिल टॅक्सबरोबरच, म्हणजे इथल्या पालिकेच्या घरपट्टीसारख्या कराबरोबर, येतो आणि घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तिथे दोन्ही माफ. हे ऐकून इंग्लंडमधल्या लीड्सचे विद्यार्थीही पाणीबिल भरत नाहीत. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स माफ आहे, पाणी नाही.

आणि हो, थकबाकीसाठी घराचं पाणी तोडायला इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून भरू नये, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

घरात प्रीपेड मीटर आहे. कपाटात त्याची पैसे भरायची जुनी चावी सापडली. तिच्यात वीस पौंड भरले आणि काही तासांत बरेचसे गायब!

त्या चावीवर, नाहीतर मीटरवर, आधीच्या भाडेकरूचं कर्ज असणार. तुमच्या पैशातून ते फिटतंय. चावी बाजूला ठेवा, कंपनीला फोन करा, आपल्या नावाची नवी चावी मागा आणि मीटरवरचं कर्ज पुसायला सांगा. भाडेकराराची प्रत जवळ असू द्या. दुसऱ्याचं कर्ज फेडायची जबाबदारी तुमची नाही.

सरकारने प्राइस कॅप लावली आहे ना? मग आमचं बिल त्याहून जास्त कसं?

कॅप, म्हणजे दराची कमाल मर्यादा, ऑफजेम ही वीज-गॅसची नियामक संस्था ठरवते आणि ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते. बातम्यांत येणारी वार्षिक रक्कम सरासरी वापराच्या घराची असते. जास्त जाळाल तर जास्त भराल.

शॉवरला गरम पाणीच येत नाही. प्लंबर बोलवू का?

बाथरूमच्या छताला लोंबणारी दोरी ओढा. तो शॉवरचा स्विच आहे. तरी येत नसेल तर मालकाला कळवा, प्लंबर त्याने बोलवायचा.

गॅसचं बिल शेजाऱ्याच्या जवळपास तिप्पट येतं. घर तेवढंच, माणसं तेवढीच. कंपनी म्हणते, वापर जास्त आहे.

मीटर बघा. ‘एम’वर तीन लिहिलंय की ‘एफटी’वर? जुने मीटर घनफुटांत मोजतात, नवे घनमीटरमध्ये. नव्या मीटरला जुनं समजून हिशेब केला तर बिल २.८३ पट होतं, आणि तुमची तक्रार ऐकून मला आधी तेच वाटतं. फोटो जोडून लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे फुकट दाद मागता येते. तोवर वादात नसलेली रक्कम भरत राहा.

बॉयलर लावला की डोकं दुखतं. खिडकी उघडी ठेवून वापरला तर चालेल?

नाही. बॉयलर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. डॉक्टरलाही दाखवा. बिघडलेल्या बॉयलरमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येत असू शकतो आणि त्याला वास नसतो. मालकाने दरवर्षी गॅस सेफ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाकडून तपासणी करून तिची प्रत तुम्हाला देणं बंधनकारक आहे आणि बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत या वायूचा अलार्मही हवाच. प्रत मिळाली नसेल तर आज मागा, टोलवाटोलवी झाली तर कौन्सिलला कळवा. ओळखीचा कुणी ‘बघून देतो’ म्हणाला तर त्याला बॉयलरला हात लावू देऊ नका.