निकाल घसरला, मुलीला शाळेतून काढू का?

प्रश्न : आमचं गाव लहान, सरकारी मिडल स्कूल एकच. मुलगी सहावीत आहे. गेल्या वर्षी आठवीच्या 25 मुलांपैकी 80 टक्के गणितात पास झाली, यंदाही 25 च मुलं होती पण पास फक्त 68 टक्के. सगळे म्हणतायत शाळा बिघडली, बाहेरगावच्या शाळेत टाका. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, घाई नका करू. 80 टक्के म्हणजे 20 मुलं आणि 68 टक्के म्हणजे 17, म्हणजे हा सगळा गदारोळ तीन मुलांवरून चाललाय. एक बरेच महिने आजारी, एक वर्षाच्या मधेच दाखल झालेलं, एकाला ऐन परीक्षेत ताप, एवढं झालं तरी निकाल 12 टक्क्यांनी खाली येतो आणि शिकवणं मात्र होतं तसंच असतं. आठवीत 250 मुलं असती तर याच तिघांमुळे जेमतेम एक टक्का हलला असता.

ही नुसती समजूत घालत नाहीये मी. हॉवर्ड वेनर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्वेनियातल्या शाळांचे निकाल तपासले होते, तेव्हा सगळ्यात वरच्या 50 शाळांमधे लहान शाळांचं प्रमाण जास्त निघालं आणि तळाच्या 50 मधेही तसंच! मुलं कमी असली की आकडा दोन्हीकडे उड्या मारतो. शिवाय गुणांमधे घरची परिस्थितीही बरीच उतरते, 1966 च्या कोलमन अहवालापासून (अमेरिकेतल्या शाळांची मोठी सरकारी पाहणी) हे परत परत दिसलंय, त्यामुळे नुसत्या पास-नापासवरून शाळेनं काय दिलं ते कळत नाही, मूल सहावीत आलं तेव्हा कुठे होतं आणि आता कुठे आहे ते बघावं लागतं.

तर आज मुलीची गणिताची वही उघडा. समजा तिने 1/2 + 1/3 = 2/5 असं लिहिलंय (या वयात हमखास होणारी चूक), तर तिथे नुसती लाल फुली आहे, का छेद सारखे करून तेच गणित परत सोडवून घेतलंय आणि चार दिवसांनी तसलंच दुसरं दिलंय? माझ्या मते निकालाच्या तक्त्यापेक्षा हे पान जास्त खरं बोलतं. मग मुख्याध्यापकांना भेटून विचारा, गणिताला कायमचे शिक्षक आहेत का, वर्षात किती बदलले, सतत गैरहजर राहणारी मुलं किती आणि त्यांच्यासाठी काय करता. स्पष्ट उत्तरं मिळाली तर थांबा.

सलग तीन-चार वर्षं निकाल खालीच जातोय, गणिताची जागा रिकामी आहे आणि वहीत नुसत्या फुल्या, असं असेल तर मात्र चारपाच पालक मिळून लेखी अर्ज द्या, एकट्या जाऊ नका. आणि शाळा बदलायचीच वेळ आली तर बसची वेळ आधी बघा, वयात येताना मुलांची झोप उशिरा सरकते त्यामुळे पहाटे उठवून नेलेलं मूल पहिल्या दोन तासांना पेंगतं, आणि पहिल्या दोन तासांत गणित आहे का तेही विचारून घ्या.